लेंडीपासून रोपापर्यंत: येऊरच्या जंगलात बीजप्रसाराचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत असताना मी लघुप्रबंधासाठी ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलावर काम करायचे ठरवले आणि ‘येऊरमधील तृणभक्षी प्राणी आणि बीजप्रसार’ हा विषय घेतला, तेव्हा कामाचे स्वरूप मला अगदी सरळ वाटले होते. चितळांच्या आणि सांबरांच्या लेंड्या गोळा करायच्या, पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुवायच्या, सापडलेल्या बिया ओळखून मोजायच्या आणि कोणता प्राणी कोणत्या झाडाचा प्रसारक आहे याचा तक्ता मांडायचा, एवढीच माझी कल्पना होती. पहिले तीन महिने मी तेच केले. गवताच्या बिया मिळाल्या, उंबराच्या कणाएवढ्या बिया मिळाल्या, पण ज्या आवळ्यांखाली चितळांचे खूर रोज उमटलेले दिसत होते, त्या आवळ्याची एकही आठळी लेंडीत सापडली नाही. चितळ आवळा खाते, पण त्याचे बी दातांखाली भरडून टाकते, असा निष्कर्ष मी वहीत लिहूनही टाकला होता.

तो निष्कर्ष खोडायला लावला तो पाड्यावरच्या एका काकांनी. जंगलात माझ्यासोबत येणारे हे वारली गृहस्थ मी लेंड्या वेचत असताना सहसा काही बोलत नसत. त्या दिवशी मात्र ते मला वाटेपासून थोडे आत, एका दाट सावलीच्या जागी घेऊन गेले. तिथले गवत दबलेले होते आणि पाचोळा बाजूला सरकलेला होता. “ताई, चितळं दुपारची इथं बसतात. आवळा लेंडीत कशाला शोधता? तो इथं तोंडातून पडतो,” असे म्हणून त्यांनी पाचोळा हाताने दूर केला. खाली आवळ्याच्या आठळ्या पडल्या होत्या, गर पूर्ण निघालेल्या, सहा धारांच्या, धुतल्यासारख्या स्वच्छ. आसपास पन्नास पावलांवरही आवळ्याचे झाड नव्हते.

या विषयात नव्याने येणाऱ्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावी अशी गोष्ट त्या पाचोळ्याखाली होती. चितळ, सांबर, भेकर हे रवंथ करणारे प्राणी आहेत. ते फळ घाईने गिळतात, आडोशाच्या जागी जाऊन बसतात आणि पोटातला घास पुन्हा तोंडात आणून चावतात. त्यांच्या पोटाच्या कप्प्यांमधून पुढे आतड्याकडे जाऊ शकतात ते बारीक झालेले कण आणि लहान बिया; मोठी, टणक आठळी मागेच अडकते आणि रवंथ करताना जिभेला लागली की प्राणी ती थुंकून टाकतो. म्हणजे एकाच चितळाकडून लहान बिया लेंडीतून आणि मोठ्या आठळ्या तोंडातून पसरतात, आणि या दोन्हींच्या जागा वेगळ्या असतात. लेंड्या वाटेवर, चरण्याच्या जागी, पाणवठ्याजवळ मिळतात. आठळ्या बसण्याच्या जागी. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात आवळ्यावर झालेल्या संशोधनातही चितळ आणि भेकर यांची भूमिका अशीच दिसून आली आहे. मी ते संशोधन आधी वाचले असते तर तीन महिने वाचले असते हे खरे. पण आठळ्या नेमक्या कुठे शोधायच्या हे मला शेवटी काकांकडूनच कळायचे होते. त्यामुळे माझा आग्रहाचा सल्ला असा की कामाच्या पहिल्या आठवड्यात मोजमाप करू नये. पाड्यावरच्या माणसांसोबत नुसते चालावे, कोणते जनावर कुठे बसते, कधी उठते, कोणत्या महिन्यात कशाखाली येते हे विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

त्या आठळ्या मी कागदी पाकिटांत घालून वर्तकनगरच्या घरी आणल्या आणि कपाटावर ठेवल्या. चार-पाच दिवसांनी रात्री खोलीत ‘टक्’ असा आवाज आला, थोड्या वेळाने पुन्हा आला. पाकीट उघडले तेव्हा दोन आठळ्या फुटून त्यांच्या फाका झाल्या होत्या आणि तपकिरी, तिकोनी, चकचकीत बिया पाकिटाच्या कोपऱ्यात उडाल्या होत्या. आवळ्याची आठळी वाळली की अशीच तडकते आणि आतल्या बिया बाहेर फेकते. म्हणजे जंगलात आपण ज्या आठळ्या मोजतो त्यांतल्या काही रिकाम्या झालेल्या असू शकतात, आणि मोजणीत अख्खी आठळी, फुटलेली आठळी आणि किडीने भोक पाडलेली आठळी हे तीन रकाने वेगळे ठेवावे लागतात. कागदी पाकिटे मी मुद्दाम लिहिते आहे. पहिल्या खेपेचे सगळे नमुने मी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधले होते. आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवसांत त्यांवर बुरशी आली आणि ते सगळे फेकून द्यावे लागले.

उगवण चाचणीतही माझी चूक झाली होती आणि ती अनेकांची होते. मी दोन ट्रे लावले: एकात चितळाने टाकलेल्या आठळ्यांमधील बिया, दुसऱ्यात मी हाताने गर काढून स्वच्छ केलेल्या. दोन्हींतली उगवण जवळपास सारखी आली, तेव्हा चितळामुळे बीला काही लाभ होत नाही असे मला वाटले. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, “जंगलात झाडाखाली पडलेल्या फळाचा गर काढायला कोण बसलेले असते?” म्हणजे तिसरा ट्रे हवा होता, गरासकट अख्ख्या फळाचा. हे तीन गट एकत्र ठेवले तरच गर निघाल्याचा परिणाम किती आणि प्राण्याच्या पोटातून गेल्याचा परिणाम किती हे वेगळे करता येते. ट्रेची माती, पाणी, ऊन सारखे असावे आणि बाल्कनीत ठेवले असतील तर वर जाळी घालावी, कारण उंदीर दाणे उकरून नेतात.

शिवाय बी उगवणे हा प्रसाराचा केवळ एक भाग आहे. डॅनियल जँझेन आणि जोसेफ कॉनेल या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी अनुक्रमे १९७० आणि १९७१ मध्ये स्वतंत्रपणे मांडले की आईझाडाखाली पडलेल्या बियांवर त्याच जातीला लागणारी कीड आणि रोग एकवटतात, त्यामुळे झाडापासून दूर गेलेल्या बीला जगण्याची संधी अधिक मिळते. या दृष्टीने पाहिले की अंतराला अर्थ येतो. झाडापासून बसण्याच्या जागेपर्यंत टेप धरून अंतर मोजणे कंटाळवाणे वाटते, पण माझ्या मते त्या वहीतली ती सर्वांत मोलाची नोंद असते.

मोठ्या प्राण्यांचे वेगळेपण इथेच आहे. पाखरे आणि वटवाघळे बिया पुष्कळ पसरवतात, पण मोठे, जड, जाड सालीचे फळ अख्खे गिळणारे तोंड थोड्याच प्राण्यांकडे असते. हत्तीच्या पोटातून बी बाहेर पडायला एक ते दोन दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो कित्येक किलोमीटर चाललेला असतो. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानातील हत्तींवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे अंतर ६५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकते असे मांडले गेले. नेपाळमधील चितवनमध्ये एकशिंगी गेंडा ट्रेविया या झाडाची टणक फळे खातो आणि नदीकाठच्या उघड्या गवताळ जागी, आपल्या ठरलेल्या शेणाच्या ढिगांवर, त्यांच्या बिया टाकतो. उन्हाची गरज असलेल्या त्या रोपांना तीच जागा मानवते. आपल्याकडे अस्वल बहाव्याच्या शेंगा, बोरे, तेंदू, जांभळे खाऊन हेच काम करते, मात्र त्यासाठी विदर्भातल्या जंगलांत जावे लागेल.

येऊरमध्ये हत्ती, गवा, अस्वल यांपैकी कोणी नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा भाग आहे आणि शहर त्याला चहूबाजूंनी टेकलेले आहे. म्हणून इथे चितळ आणि सांबर यांच्यावर मोठ्या फळांचा भार किती आहे हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माकडे आणि वानरे त्यात हातभार लावतात. वर बसून अर्धवट खाल्लेली फळे ती खाली टाकतात आणि चितळे ती उचलतात. रानडुक्कर मात्र सरसकट प्रसारक म्हणून लिहू नये. त्याच्या दाढांखाली मोठ्या बिया बहुधा भरडल्या जातात, बारीक बिया तेवढ्या वाचतात.

प्रसारक नाहीसा झाला तर झाडाचे काय होते, याचा विचार जँझेन आणि पॉल मार्टिन यांनी १९८२ मध्ये मांडला. मध्य अमेरिकेतील गुआनाकास्तेसारख्या झाडांच्या मोठ्या शेंगा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या महाकाय प्राण्यांसाठी घडलेल्या असाव्यात आणि आता तेच काम बाहेरून आणलेली घोडी आणि गुरे करत असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. ठाण्यातल्या कित्येक रस्त्यांवर सावली धरणारा वर्षावृक्ष याच झाडाच्या जवळच्या नात्यातला आणि मूळचा उष्ण अमेरिकेतलाच. त्याच्या काळ्या, चिकट, गोड शेंगा गुरे आवडीने खातात आणि बिया शेणातून अखंड बाहेर पडतात. जंगलात जाण्याची परवानगी हाती येईपर्यंत नवख्याने हात बसवण्यासाठी याच्याइतका चांगला विषय नाही. गोठेवाल्यांना विचारून ताजे शेण घ्यावे, धुवावे, बिया वेगळ्या कराव्यात आणि तीन ट्रे लावावेत. चाळणी किती बारीक हवी आणि एका नमुन्याला किती वेळ लागतो हे इथेच कळते.

परवानगीबद्दल स्पष्ट लिहिते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात संशोधनासाठी लेखी परवानगी लागते आणि पाचोळ्यातली आठळी उचलणे हेसुद्धा नमुना गोळा करणेच आहे. माझा अर्ज एका कार्यालयात दोन महिने पडून राहिला, कारण मी कोणते नमुने, किती आणि कोणत्या बीटमधून (वनरक्षकाच्या हद्दीतून) घेणार हे लिहिलेच नव्हते. अर्जात हे तपशील द्यावेत आणि आवळ्याचा हंगाम हिवाळ्यातला असेल तर अर्ज पावसाळ्यातच करावा.

लेंड्या ओळखताना पाड्यावरच्या शेळ्यांनी मला बराच काळ फसवले, कारण चितळाची आणि शेळीची लेंडी दिसायला फार जवळची असते. खूर उमटलेला असेल, जनावर प्रत्यक्ष दिसले असेल किंवा कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यात, आले असेल तरच नमुना घ्यावा. शंका असेल तर सोडून द्यावा. हातमोजे आणि मास्क घालावेत, परत आल्यावर अंगावर गोचीड शोधावेत. बिबट्याचा वावर असलेले हे जंगल आहे, तेव्हा पहाटे आणि सांजवेळी एकट्याने काम करू नये. अनोळखी बिया ओळखण्यासाठी हंगामभर आपणच फळांमधून काढलेल्या बियांचा संग्रह करावा. झाडाच्या नावाबद्दल खात्री हवी असेल तर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमचे वाळवलेले नमुने उपयोगी पडतात.

पुढे याच क्षेत्रात राहायचे असेल तर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरूचे राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्र येथील वन्यजीवविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांची माहिती घ्यावी. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने झाडे शिकावीत, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाऊलखुणा.

आठळ्या मोजून झाल्यावर मी बसण्याच्या प्रत्येक जागी थोड्या आठळ्या तशाच ठेवल्या होत्या आणि बांबूच्या खुंट्यांना रंगीत सुतळी बांधून खूण केली होती. मिरगाचा पाऊस स्थिरावल्यावर काका आणि मी पुन्हा त्या जागांवर गेलो. बऱ्याच खुंट्यांपाशी काहीच नव्हते. दोन ठिकाणी डुकरांनी जमीन उकरलेली होती. त्या पहिल्या सावलीच्या जागेपाशी मात्र सुतळीच्या अगदी कडेला बोटभर उंचीचे, बारीक पानांचे रोप उभे होते. काकांनी पान चुरगळून न बघता नुसते वाकून पाहिले आणि आवळाच असल्याचे सांगितले. मी वहीत तारीख, उंची आणि जवळच्या आवळ्यापासूनचे अंतर लिहिले, आणि त्या रोपाच्या नावापुढे पुढच्या पावसाळ्यासाठी एक रकाना मोकळा सोडला.