नवीन सिस्टर-ब्रदर लोकांनो, औषध देताना एवढं सांभाळा

पहिली नाईट, वॉर्डात तीसेक पेशंट आणि तुम्ही दोघीच, त्यात नातेवाईक काउंटरवर येऊन सलाईन संपलं म्हणून ओरडतायत, अशा वेळीच चूक होते. म्हणून ट्रे भरताना कोणी हाक मारली तर सरळ सांगायचं, दोन मिनिटं थांबा. उद्धट म्हणाले तर म्हणू देत.

बेड नंबरवर कधीच जाऊ नका, बेड बदलतात. "तुम्ही पाटील ना?" असंही नको, अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्यांनाच सांगायला लावा आणि पेपरशी, बँडशी जुळवा.

इन्सुलिनचं तर डोक्यात फिट्ट करा. आपल्याकडे एका एमएलमध्ये ४० युनिटवाली वायल (बाटली) पण असते आणि १०० वाली पण, सिरिंज त्याच नंबरची हवी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला २० नाही, ५० युनिट जातात, शुगर धाडकन खाली!! दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच द्या. पोटॅशियम क्लोराईड डायल्यूट केल्याशिवाय शिरेतून कधीच नाही, हृदय बंद पडू शकतं.

फोनवर ऑर्डर आली की लिहा, परत वाचून दाखवा, डॉक्टर वैतागले तरी.

आणि चुकलंच तर? औषध चालू असेल तर थांबवा, पेशंट बघा, बीपी-पल्स घ्या, लगेच डॉक्टर आणि इनचार्जना सांगा, मग खरं तेच लिहा. पेपरवर खाडाखोड अजिबात नको.