काळ्या जमिनीत पाया ठरवताना

विदर्भातल्या खेड्यांत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भूतांत्रिक (पायासाठी माती-खडक तपासणाऱ्या) अभियंत्याला बोलावणे येते ते बहुधा जेसीबीने कॉलमचे खड्डे घेऊन झाल्यावर, आणि मालकाला किंवा ठेकेदाराला त्याच्याकडून हवा असतो फक्त जमिनीच्या धारणक्षमतेचा, म्हणजे ती किती भार पेलेल याचा, आकडा. तो देण्याची घाई करू नये. काळी माती मे महिन्यात एक असते आणि ऑगस्टमध्ये दुसरी, त्यामुळे आपण जागेवर उभे असतो त्या दिवसापुरता खरा असलेला आकडा इमारतीच्या कामाचा नसतो.

पैसा आणि वेळ दोन्ही कमी मिळणार, हे धरूनच तपासणी आखावी. ड्रिलिंग मशीन मागवण्याआधी आसपासच्या दोन-चार विहिरी पाहाव्यात, कारण न बांधलेल्या विहिरीच्या कडेवर काळी माती किती खोल आहे, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेला थर आहे का, मुरूम कुठे सुरू होतो आणि काळा पाषाण कुठे लागतो, हे सारे उघडे दिसते. विहीर खोदणारा माणूस गावात असेल तर त्याच्याशी निवांत बोलावे. सुरुंग किती फुटांवर लावावा लागला हे त्याला पक्के आठवते. भर पावसाळ्यात विहिरीचे पाणी किती वर येते, हेही तिथेच विचारून वहीत नोंदवावे.

आयएस १८९२ या माती-तपासणीच्या भारतीय मानकानुसार लहान आणि कमी महत्त्वाच्या इमारतीसाठी मध्यभागी एक बोअर किंवा चाचणी-खड्डा पुरतो, पण नाल्याकडे उतरत्या जागेत मी तेवढ्यावर थांबत नाही. वरच्या कोपऱ्यात चार फुटांवर मुरूम आणि नाल्याकडच्या कोपऱ्यात दहा फुटांवरही काळी मातीच, असे प्लॉट आपल्याकडे नवे नाहीत, आणि इमारत अर्धी यावर व अर्धी त्यावर उभी राहिली की भिंतीत तिरपी भेग ठरलेली. म्हणून निदान समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घ्यावेत आणि मुरूम लागल्यावरही दोन-तीन फूट आणखी खाली जाऊन पाहावे. बेसाल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण, झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि मऊ मुरमात मोठे गोटे तसेच राहतात, त्यामुळे पहार खणकन वाजली एवढ्यावरून खडक लागला असे मानू नये. ओल्या काळ्या मातीच्या कडा अचानक ढासळतात. आधार दिल्याशिवाय खोल खड्ड्यात स्वतः उतरू नये आणि मजुरालाही उतरवू नये.

खरी फसगत उन्हाळ्यात होते. एसपीटीत, म्हणजे जमिनीत नळी ठोकून ठोके मोजण्याच्या चाचणीत, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतो आणि वाळून कडक झालेली माती ठोक्यांचे भरघोस आकडे देते. तीच माती पावसात भिजली की ती ताकद उरत नाही. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मे महिन्यातल्या अशाच आकड्यांवर मी एका एकमजली घराचा पाया उथळ ठेवू दिला, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या भेगा मला पाहाव्या लागल्या. ते घर मी विसरलेलो नाही. तेव्हापासून नमुना भिजवून केलेल्या चाचणीशिवाय मी धारणक्षमता लिहीत नाही.

माती किती फुगते हे कळायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आयएस २७२० च्या भाग ४० प्रमाणे ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, ओव्हनमध्ये सुकवलेली १० ग्रॅम माती १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत घ्यावी, एकात डिस्टिल्ड पाणी व दुसऱ्यात रॉकेल ओतावे, हवेचे बुडबुडे ढवळून काढावेत आणि किमान २४ तासांनी दोन्हींतल्या मातीचे घनफळ वाचावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. म्हणून पाण्यातल्या घनफळातून रॉकेलमधले वजा करून त्याला रॉकेलमधल्या घनफळानेच भागावे आणि १०० ने गुणावे. उत्तर ५० च्या आत असेल तर चिंता कमी, १०० च्या वर गेले तर पायाचा प्रकारच नव्याने विचारात घ्यावा.

इथे एक गैरसमज ठामपणे दूर करावा लागतो. माती कच्ची आहे म्हणून फुटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) मोठे करा, असे मिस्त्रीपासून ठेकेदारापर्यंत सगळे सांगतात, परंतु फुगणाऱ्या मातीत हलक्या इमारतीचे फुटिंग मोठे केले की त्याखालचा दाब आणखी कमी होतो आणि माती त्याला अधिक सहज उचलते. मुरूम आवाक्यात असेल तर फुटिंग मुरमातच न्यावे. नसेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, घ्यावेत. खोल फुगीर मातीत आयएस २९११ च्या भाग ३ प्रमाणे त्यांची लांबी जमिनीखाली किमान ३.५ मीटर हवी आणि वरची बीम जमिनीपासून किमान ८० मिमी मोकळी हवी. ही मोकळी जागा गवंडी न सांगता बुजवून टाकतात, म्हणून ती नकाशावर ठळक दाखवावी आणि तिचे कारण त्यांना जागेवर समजावून सांगावे.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, गाळ इतका खोल आहे की मुरमाची वाट पाहण्यात अर्थ नाही, आणि तिथे पाण्याची तपासणी मातीइतकीच आवश्यक ठरते. आयएस ४५६ प्रमाणे आरसीसीसाठी, म्हणजे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटसाठी, वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. गावच्या बोअरचे पाणी तपासल्याशिवाय काँक्रीटला वापरू देऊ नये.

नमुने नागपूर किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत उन्हाने वाळतात. नमुन्याच्या नळीची दोन्ही तोंडे मेणाने बंद करून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, नळी उभीच ठेवून त्याच दिवशी पाठवावी.

जोत्यात खड्ड्यातून निघालेली काळी मातीच भरण्याची सवय सर्वत्र आहे आणि घराची फरशी उचलली जाते ती त्यामुळेच. न फुगणारा, थोडा चिकटपणा असलेला मुरूम थराथराने पाणी मारून कुटावा. नुसती वाळू भरली तर पाणी तिच्यात साठून खालच्या मातीला मिळत राहते. शोषखड्डा पायापासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा, कारण एकच कोपरा बारमाही ओला राहिला तर घर त्याच कोपऱ्यात हलते.

अहवालात तपासणीची तारीख, त्या दिवशीची पाण्याची पातळी, खड्ड्यांच्या जागा आणि कोणत्या इमारतीसाठी, किती मजल्यांसाठी शिफारस आहे हे स्पष्ट लिहावे, म्हणजे तोच कागद शेजारच्या प्लॉटसाठी वापरला जाणार नाही. पायाचे खड्डे पाहण्यासाठी परत येण्याचे शुल्क पहिल्याच पत्रात वेगळे लिहून घ्यावे; ते नंतर मागितले तर कोणी देत नाही आणि ती भेटच राहून जाते. त्या भेटीत प्रत्येक खड्ड्याचा तळ साफ करवून, खोली दिसेल असे पट्टी लावून फोटो घ्यावेत, आणि तळ अहवालाशी जुळला तरच पीसीसी (सळ्यांविना काँक्रीटचा तळथर) टाकण्याची परवानगी लेखी द्यावी.