आवाजातून वाटेची गोष्ट कशी सांगावी

आवाजातून एखाद्या जागेची गोष्ट सांगायची म्हटलं की बहुतेकजण आधी माइक शोधायला लागतात. त्याआधी वाट ठरवा. ‘माझं गाव’ एवढा मोठा विषय हाती लागत नाही. जुन्या घरापासून शाळेपर्यंतची दहा मिनिटांची वाट मात्र लागते.

ती वाट एकदा यंत्राशिवाय चाला आणि आवाज कुठे बदलतो ते लिहून ठेवा. उघड्या रस्त्यावरून जिन्यात शिरलात की तुमचीच पावलं घुमायला लागतात, पुढे मऊ मातीवर ती जवळजवळ नाहीशी होतात. आपण पुढे सरकतोय हे ऐकणाऱ्याला अशा उंबरठ्यांवरच कळतं. सलग एकसारखा गोंगाट ऐकवलात तर तो एकाच जागी उभा राहतो. म्हणून रेकॉर्डिंग करताना उंबरठा ओलांडायच्या बराच आधी सुरू करा आणि ओलांडल्यावर लगेच बंद करू नका.

सुरुवातीला फोनही चालतो. फक्त गोंगाट आपोआप कमी करणारी सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर जी जागा टिपायची तीच पुसली जाईल. जमलं तर सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा असते; सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. माइकवर वारा अडवणारं केसाळ कव्हर हवंच, कारण वाऱ्याची फडफड नंतर नीट काढता येत नाही.

हालचाल दोन तऱ्हांनी टिपा. एकदा स्वतः चालत: श्वास, कपड्यांची सळसळ, सगळं येऊ द्या. एकदा थांबून: रेल्वे शिटी वाजवत समोरून गेली की पुढे गेल्यावर शिटीचा सूर उतरतो, आणि ते उतरणंच निघून जाण्याची जाणीव देतं. प्रत्येक ठिकाणी एक मिनिट काही न बोलता, न हलता नुसती जागा रेकॉर्ड करा. जोडकामात तीच उपयोगी पडते.

आता आठवण. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच तरते किंवा बुडते. सांगणाऱ्या माणसाला बंद खोलीत बसवू नका, त्याच वाटेवर सोबत चालवा. ‘काय आठवतं?’ असं विचारलं की ठरीव उत्तर येतं. ‘इथे सकाळी काय ऐकू यायचं?’ विचारा. माणूस थांबतो, आठवू पाहतो, कधी तोंडानेच तो आवाज काढून दाखवतो. ते थांबणं अजिबात कापू नका. गिरणीचा भोंगा आता उरला नसेल तर संग्रहातला दुसराच भोंगा आणून लावू नका. आजच्या त्या जागेचा आवाज आणि त्यावर सांगणाऱ्या आजीने तोंडाने काढलेला भोंगा, एवढं पुरे आहे. भूतकाळ दाखवायला प्रतिध्वनी चढवणं तर टाळाच.

संकलनात केलेले बदल लपवायलाच हवेत असं नाही. संगीतकार हिल्डेगार्ड वेस्टरकँप यांनी १९८९च्या ‘किट्स बीच साउंडवॉक’ या ध्वनिरचनेत कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावरचे बार्नेकलचे (खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांचे) बारीक टिकटिक आवाज ऐकवले आहेत. मागचा शहराचा घरघराट आपण स्टुडिओत फिल्टर लावून हटवतो आहोत, हे वेस्टरकँप निवेदनातच सांगतात. त्यामुळे ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो आणि शहर किती मोठ्याने वाजतं हेही त्याला कळतं. काम करायला ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. लांबचा आवाज नुसता हळू केला तर लांबचा वाटत नाही; त्यातले तीक्ष्ण, उंच स्वरही थोडे कमी करा.

तयार झालेला तुकडा हेडफोन लावून त्याच वाटेवर चालत ऐका. पावलांचा वेग जमत नसेल तर मधल्या शांत जागा वाढवा. रस्ता ओलांडायच्या ठिकाणी निवेदन ठेवू नका, ऐकणाऱ्याचं लक्ष वाहनांकडे राहिलं पाहिजे. आणि कुणालाही पाठवण्याआधी ज्यांची आठवण आहे त्यांना ऐकवा. त्यांनी एखादं वाक्य काढायला सांगितलं तर ते काढा.