तळ्याकाठी जाऊनही कागद कोराच? या चुका टाळा

स्केचबुक आणि नवी रंगपेटी घेऊन सगळं कुटुंब भंडारदऱ्याला जातं, आणि रविवारी रात्री कसारा घाट उतरताना लक्षात येतं की पेटीचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. याला आपण 'काही सुचलंच नाही' म्हणतो. बहुतेक वेळा घोळ वेळेत, जागेत किंवा कागदात झालेला असतो.

'सगळं बघून झालं की निवांत बसू'

विल्सन धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि मग चित्र, असा बेत असेल तर चित्राला भर दुपार मिळते. ऊन डोक्यावर आलेलं असतं, सावल्या आखडलेल्या आणि डोंगर सपाट दिसतात. जमीन तापून वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि प्रतिबिंबंही जातात. उजाडल्यापासूनचा पहिला दीड तास सोन्यासारखा असतो, आणि तेव्हा घरचे झोपलेले असतात. 'मी साडेसहा ते सव्वासात तळ्याकाठी, आठला नाश्त्याला हजर' हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. म्हणजे सकाळी कुणी शोधत येत नाही.

त्या पाऊण तासात थेट मोठ्या कागदावर जाऊ नका. पत्त्याच्या पानाएवढे तीन चौकोन आखा. प्रत्येकाला तीन मिनिटं, ४बी (मऊ, गडद उठणारी) पेन्सिल आणि फक्त तीन छटा: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. तिन्हींत जो चौकोन हातभर अंतरावरूनही ओळखू येतो, तोच मोठा करा. सावल्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत आखून टाका आणि मग सूर्य सरकला तरी त्या बदलू नका. सकाळची आणि नंतरची सावली एकाच चित्रात आली की उजेड नेमका कुठून येतोय तेच कळत नाही.

अख्खं तळं कागदावर

विल्सन धरणामागच्या तळ्याचा, म्हणजे आर्थर लेकचा, सगळा विस्तार ए५ कागदावर बसवायला गेलं की वर डोंगराची रेघ, खाली पाण्याची पट्टी आणि मधोमध कागद दुभागणारा काठ एवढंच उरतं. जुन्या व्हिजिटिंग कार्डात ४ बाय ३ सेंटिमीटरची खिडकी कापा आणि तिच्यातून बघा. एखादी होडी, सुकलेलं खोड किंवा दगडांची ओळ पुरते. काठाची रेघ कागदाच्या वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा.

मे महिन्यात पाणी उतरतं आणि काठावर मातीचा उघडा पट्टा दिसतो, त्यावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेघा असतात. बरेच जण तो हिरव्या रंगाने झाकतात. असं करू नका. धरणाचं तळं उन्हाळ्यात असंच दिसतं, आणि त्या रेघा चित्राला आयता ताल देतात. मात्र मुलांना त्या चिखलावर जाऊ देऊ नका: वरून पापुद्रा वाळलेला असतो, खाली पाय रुततो.

पाणी निळं आणि प्रतिबिंब हुबेहूब

सर्वांत जास्त चित्रं इथे बिघडतात. पाण्याला रंग येतो तो मुख्यतः आकाश आणि समोरच्या डोंगराच्या प्रतिबिंबातून. पायाजवळ मात्र आपण वरून थेट पाण्यात बघत असतो, म्हणून तिथे तळाचा मातकट रंग दिसतो. एकच निळा फासला की तळ्याचा स्विमिंग पूल होतो.

प्रतिबिंबही चित्र उलटं करून उतरवता येत नाही. पाण्यातलं दृश्य म्हणजे डोळा पाण्याखाली तितकाच खोल नेऊन वर पाहिल्यासारखं. त्यामुळे काठावरची झाडं पाण्यात मोठी वाटतात आणि मागचा डोंगर त्यांच्याआड अर्धा लपतो. साधारणपणे उजळ वस्तूचं प्रतिबिंब थोडं गडद असतं, गडद वस्तूचं थोडं फिकं. लाटांनी ते उभं लांबतं, आडवं फारसं पसरत नाही. ब्रश आधी वरून खाली ओढा. आडव्या रेघा शेवटी दोन-तीनच.

झाडांसाठी ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा वापरू नका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि यलो ओकर (मातकट पिवळा) मिसळा, गडद हवा तर चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). लांबच्या डोंगरांत पिवळा कमी, पाणी जास्त.

कागद आणि ऊन

चित्रकलेच्या वहीतला साधा कार्ट्रिज कागद ओला झाला की फुगतो आणि रंग खड्ड्यांत साचतो. ३०० जीएसएमचा जाड कागद घ्या, चारही कडा मास्किंग टेपने पुठ्ठ्यावर चिकटवा. कागद सावलीत हवा. उन्हात तो इतका चमकतो की आपण रंग गरजेपेक्षा गडद लावतो आणि खोलीवर आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. रंगीत गॉगल तर काढूनच ठेवा. उन्हाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पसरण्याआधीच वाळून कडा धरतो, म्हणून आधी कागद ओला करून घ्या. पावसाळ्यात उलट: वॉश वाळतच नाही, तेव्हा मेणखडू आणि पेन्सिल बऱ्या.

मुलांनाही मेणखडूच द्या. त्यांनी पांढऱ्या खडूने लाटा काढायच्या, वरून पातळ रंग फिरवला की रेघा आपोआप उमटतात. त्यांचं चित्र 'सुधारायला' मात्र जाऊ नका. नाहीतर पुढच्या सुट्टीत ती खडू हातात धरणार नाहीत.

फोटो काढाच, पण त्याच्यावर विसंबू नका. मोबाइलची रुंद लेन्स लांबचा डोंगर टेकडीएवढा करते. फोटोसोबत समासात दोन शब्द लिहा: उजेड कुठून येतोय, सर्वांत गडद काय.

ब्रश धुतलेलं पाणी तळ्यात ओतू नका. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं. झाकणाची रिकामी बाटली सोबत ठेवा आणि ते पाणी तिच्यात भरून परत आणा.