कोशिएनला जाल तेव्हा आधी भिंतीपाशी थांबा

ओसाका-कोबेकडे फिरायला आलेली आपली माणसं किल्ला आणि मंदिरं बघून झाली की मला विचारतात, "ताई, ते कोशिएनचं बेसबॉलचं जुनं मैदान बघण्यासारखं आहे का?" आहे, नक्की आहे. पण ते कसं बघायचं हे कुणी सांगितलं नाही, तर एक मोठं, स्वच्छ, नवं स्टेडियम बघून परत याल. शंभर वर्षांचं जुनं काही दिसणारच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट स्टेशनची. नकाशावर 'कोशिएनगुची' नावाचं जेआरचं (जपान रेल्वेचं) स्टेशन दिसतं. तिथे उतरू नका, मैदान तिथून बरंच लांब आहे. मी पहिल्यांदा तिथेच उतरले होते आणि ऐन जुलैच्या उन्हात पायपीट झाली. हानशिन या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या लाइनची गाडी धरा आणि 'कोशिएन' स्टेशनला उतरा. बाहेर पडलात की समोरच मैदान. हे मैदान मुळात त्या रेल्वे कंपनीनेच बांधलं, एका आटवलेल्या नदीच्या पात्रात. १ ऑगस्ट १९२४ ला ते उघडलं. जुन्या पंचांगाप्रमाणे ते साठ वर्षांच्या चक्रातलं पहिलं, 'कोशी' नावाचं वर्ष होतं, त्यावरून हे नाव.

आता लगेच फाटकाकडे धावू नका. सामन्याच्या तासभर आधी पोचा आणि बाहेरून भिंतीच्या कडेने एक पूर्ण फेरी मारा. भिंतीवर आयव्हीचा वेल आहे. जवळ जाऊन बघा. वेलाच्या बारीक फांद्यांना गोल चकत्यांसारखी बोटं असतात, ती विटेला घट्ट चिकटतात. जूनमध्ये गेलात तर पानं कोवळी, चकचकीत दिसतात. नोव्हेंबरात लाल होतात आणि मग गळून जातात. हिवाळ्यात नुसत्या काड्यांचं जाळं उरतं.

मैदान उघडलं त्याच वर्षी डिसेंबरात पहिला वेल लावला, कारण काँक्रीटची भिंत फार उघडी-बोडकी दिसत होती. मी इथे आले २००६ च्या उन्हाळ्यात. तेव्हा सगळी भिंत हिरवी होती. आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत वेल तोडायला सुरुवात झाली. मैदान जीर्ण झालं होतं. १९९५ च्या भूकंपात स्टँडला तडे गेले होते, ते पुढच्या भूकंपाला टिकेल असं करणं भागच होतं. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, लहानपणापासून हानशिन टायगर्सचे, म्हणजे या मैदानावरच्या व्यावसायिक बेसबॉल संघाचे भक्त. वेल तोडत होते त्या आठवड्यात ते रोज सायकलवरून जाऊन बघून यायचे. मला त्यांची जपानी तेव्हा निम्मीच कळायची. एक वाक्य मात्र कळलं : "म्हाताऱ्या माणसाचे केस कापल्यासारखं वाटतंय."

वेल परत कसा आला, ते माहीत असल्याशिवाय ती भिंत बघण्यात अर्थ नाही. विसावं शतक संपताना, २००० साली, कोशिएनच्या वेलाच्या बियांपासून केलेली रोपं देशभरातल्या चार हजारांहून जास्त शाळांना वाटली होती. हायस्कूलच्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेचं हे माहेरघर, म्हणून शाळांना. भिंत नवी झाल्यावर त्यातल्या दोनशेहून जास्त शाळांमधून चांगली वाढलेली रोपं परत मागवली आणि २००८ मध्ये लावली. म्हणजे आज जो वेल दिसतो तो रोपवाटिकेतून आणलेला नाही, त्याच घरचा आहे, फक्त काही वर्षं परगावी वाढला. आजोबा आधी म्हणायचे की नवा वेल म्हणजे टोप घातल्यासारखं होईल. ही गोष्ट कळल्यावर ते बोलायचे थांबले. भिंत पुरती झाकायला वेलाने बरीच वर्षं घेतली आणि ते दर उन्हाळ्यात बघायला जात राहिले.

फेरी मारताना खालीही बघा. पायाखाली नावं कोरलेल्या विटा आहेत. नूतनीकरणाच्या वेळी लोकांनी पैसे भरून त्या घेतल्या. कुणी बापाचं नाव घातलं आहे, कुणी पोराचं. आजोबांनी आपल्या गेलेल्या पत्नीचं नाव घातलं. त्यांच्यासोबत एकदा ती वीट शोधायला गेले होते, अर्धा तास लागला. सापडल्यावर त्यांनी रुमाल काढून ती पुसली.

कामाची पद्धतही समजून घ्या. मैदान एकदाही मोसमात बंद ठेवलं नाही. २००७ च्या ऑक्टोबरपासून तीन हिवाळे, म्हणजे टायगर्सचा मोसम संपला की काम सुरू आणि मार्चअखेरीच्या शालेय स्पर्धेआधी ते थांबवायचं. लोकांना आपलं मैदान बदलताना बघवत नाही, हे खरं. पण दर वसंतात परत आत जाता येत होतं, तुकड्या-तुकड्याने नवं झालेलं बघता येत होतं. माझ्या मते लोकांनी बदल स्वीकारला तो यामुळे.

तिकिटाचं आधी ठरवा. टायगर्सचा सामना हवा असेल तर ऑगस्ट टाळा, तेव्हा मैदान शाळकरी मुलांचं असतं. उजव्या बाजूच्या आउटफिल्डमध्ये, म्हणजे फलंदाजापासून लांबच्या स्टँडमध्ये, टायगर्सचे कट्टर पाठीराखे बसतात. पाहुण्या संघाचा रंग घालून तिथे जाऊ नका. लहान मुलं सोबत असतील तर छपराखालच्या इनफिल्डच्या, म्हणजे फलंदाजाजवळच्या, जागा घ्या. या छपराला 'चांदीची छत्री' म्हणतात. मूळ छप्पर लोखंडी होतं, ते १९४३ मध्ये युद्धासाठी काढून दिलं. पूर्वी छपराचे खांब प्रेक्षकांच्या नजरेत यायचे, नव्यात ती अडचण गेली. वरती सौर पॅनेल आहेत आणि साठवलेलं पावसाचं पाणी मैदानावर मारतात.

आत गेल्यावर दोन गोष्टी शोधा. स्कोअरबोर्डवरची अक्षरं बघा. १९८३ पर्यंत खेळाडूंची नावं माणसं ब्रशने हाताने लिहायची. बोर्ड विजेवर गेला तरी अक्षरांचं वळण तेच ठेवलं. आणि संध्याकाळी दिवे लागताना आकाशाकडे बघा. २०२२ मध्ये सगळे दिवे एलईडी झाले, पण पांढरा आणि नारिंगी मिसळून पडणारा जुना उजेड तसाच राहील याची काळजी घेतली. मी तेव्हा मुद्दाम गेले होते. शेजारच्या बाईंनी वर बघून फक्त "हं, बरोबर," असं म्हटलं.

आणि माती. इथे इनफिल्डमध्ये गवत नाही, सगळी काळी माती, वाळू मिसळलेली. वसंतात पाऊस जास्त म्हणून वाळू जास्त. उन्हाळ्यात काळी माती जास्त, म्हणजे पांढरा चेंडू स्पष्ट दिसतो. माझे वडील कोल्हापूरच्या तालमीत घुमलेले. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती कशी मुरवतात ते मी लहानपणी पाहिलं आहे. म्हणून डावांच्या मध्ये मैदान राखणारी माणसं फळ्या ओढत माती सारखी करतात तेव्हा मी खायला उठत नाही. तुम्हीही उठू नका.

उन्हाळी स्पर्धेत हरलेल्या शाळेची मुलं रडत रडत ही माती पिशवीत भरून घरी नेतात. १९५८ मध्ये ओकिनावाच्या शुरी शाळेच्या मुलांनीही नेली होती. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. बाहेरची माती आणायला मनाई, म्हणून बंदरावरच ती समुद्रात टाकावी लागली. ते ऐकून एका विमान कंपनीतल्या हवाई सुंदरीने त्या मुलांना कोशिएनचे खडे पाठवले. दगडांना बंदी नव्हती.

भूक लागली तर करी राईस घ्या. मैदान उघडलं तेव्हापासून इथे तो मिळतो. आपल्या जिभेला गोडसर लागेल, सोबत लोणच्याची पुडी न्या. उन्हाळ्यात फोडलेल्या बर्फाची पिशवी घ्या, 'काचिवारी' म्हणून मागायची.

आता पुढचं काम जाहीर झालं आहे : शाळांचे वाद्यवृंद आणि पाठीराखे बसतात त्या अॅल्प्स स्टँडवरही छप्पर येणार, उन्हाच्या तडाख्यामुळे. लोखंडी छत्रीच्या काळात तिथे छप्पर होतंच. तरी उघड्या आकाशाखालचा अॅल्प्स बघायचा असेल तर लवकर या, आणि टोपी विसरू नका.