बाटलीतून काढलेली रोपं माना टाकतात तेव्हा

टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बंद बाटलीत वाढवलेली रोपं बाटलीत टवटवीत दिसतात आणि बाहेर काढली की तासाभरात माना टाकतात. पाणी कमी पडलं असं समजून पाणी वाढवलं, तर मुळं कुजतात. खरी अडचण पानाच्या कातडीत असते. बाटलीत आर्द्रता जवळपास १०० टक्के, त्यामुळे पानावरचा क्यूटिनचा (पाणी अडवणाऱ्या मेणचट पदार्थाचा) आणि मेणाचा थर पातळच राहतो. पर्णरंध्रंही (पानावरची बारीक छिद्रं) नीट मिटत नाहीत. पाणी दोन्हीकडून उडून जातं.

मी केलं ते असं: मुळांवरचं अगार (बाटलीतली जेलीसारखी खळ) कोमट पाण्यात पूर्ण धुतलं, कारण ते राहिलं की बुरशी धरते. रोपं ओलसर कोकोपीट-पर्लाइटमध्ये (नारळाचा भुसा आणि हलके पांढरे खडे यांच्या मिश्रणात) लावून वर पारदर्शक झाकण ठेवलं. उजेड भरपूर, पण थेट ऊन नाही. पहिले ५-६ दिवस झाकण बंद. मग बोटभर फट, दर दोन दिवसांनी थोडी जास्त. साधारण ३ आठवड्यांनी झाकण काढलं. घाई झाली की आधी पानांच्या कडा कागदासारख्या वाळतात. तसं दिसताच फट पुन्हा कमी करा.

जुनी पानं फारशी सुधारत नाहीत, लक्ष नव्या पानांवर ठेवा. एकाच रोपाच्या जुन्या आणि नव्या पानावर पाण्याचा एकेक थेंब सोडून बघा. जुन्यावर तो पसरतो; नव्यावर गोळी होऊन घरंगळला, तर मेण धरलंय. या दिवसांत साबणाचं पाणी किंवा तेलाची फवारणी अजिबात नको. काही पानांवरची पांढुरकी झाक म्हणजे मेणच, ती नुसत्या बोटानेही पुसली जाते.