गेम रिव्ह्यूचं चॅनल सुरू करताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या रिव्ह्यूत गेममधला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, मेला त्याच सेकंदाला स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली. शिट्टी कापायला गेलो तर बॉसची किंकाळीही जात होती, कारण माइक आणि गेम दोन्ही एकाच ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड झाले होते. शेवटी शिट्टीसकट व्हिडिओ टाकला. खाली सहा कमेंट आल्या, त्यातल्या चार "भात झाला का?" अशा होत्या.

तेव्हापासून बऱ्याच चुका करून झाल्या आहेत. नव्याने सुरुवात करणारे मित्र फुटेज पाठवतात त्यातही त्याच चुका दिसतात. म्हणून एकदा लिहून काढतोय.

पहिलाच गेम डोंगराएवढा

सगळ्यांना सुरुवात ताज्या, गाजणाऱ्या गेमपासून करायची असते. साठ-सत्तर तासांचं ओपन वर्ल्ड, किंमत चार हजारांच्या घरात, आणि कॉलेज किंवा नोकरी सांभाळून रोज दीड तास हातात. गेम संपेपर्यंत दीड महिना जातो. तोवर मोठ्या चॅनलांचे रिव्ह्यू येऊन शिळे झालेले असतात आणि तुमचाही उत्साह आटलेला असतो.

पहिल्या तीन-चार व्हिडिओंसाठी पाच-सहा तासांत संपणारे गेम घ्या. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा २०२०चा गेम अशा सरावाला उत्तम. तो छोटा आहे, चित्रशैली वेगळी आहे, आणि त्यात आवडण्यासारखं जितकं आहे तितकंच भांडण्यासारखंही आहे. शिवाय यातली दुर्गा, विष्णू ही मंडळी आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाहीत. इंग्रजी रिव्ह्यूअरला जिथे दोन मिनिटं खर्चावी लागतात तिथे तुम्ही थेट मुद्द्यावर येता. हा फायदा आपण वापरतच नाही.

स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. त्यामुळे काही जण पावणेदोन तास खेळतात, पैसे परत घेतात आणि 'फुल रिव्ह्यू' टाकतात. तेवढंच खेळला असाल तर 'पहिली झलक' म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण अर्धा गेम न बघता 'फुल' म्हणालात तर कमेंटमध्ये कुणीतरी तिसऱ्या प्रकरणातलं काहीतरी विचारतोच, आणि मग पंचाईत होते.

सगळं छान, दहापैकी आठ

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. नवख्या स्क्रिप्टमधलं एक नेहमीचं वाक्य बघा:

"राजीचे ग्राफिक्स खूप सुंदर आहेत, म्युझिक जबरदस्त आहे, कॉम्बॅट ठीकठाक आहे, स्टोरी इमोशनल आहे. माझ्याकडून दहापैकी आठ."

यात 'राजी'च्या जागी दुसऱ्या कुठल्याही गेमचं नाव घाला, वाक्य तसंच चालेल. म्हणजे या गेमबद्दल तुम्ही काहीच बोललेला नाहीत. आता हे बघा:

"कॅमेरा गेम ठरवतो, तुम्ही नाही. महाल दाखवायला तो इतका मागे जातो की राजी पडद्यावर बोटभर उरते. चालताना हे बघायला सुंदर वाटतं. पण चार राक्षस अंगावर आले की आपली पोरगी कुठली आणि वार कुणाचा, हे शोधण्यातच मार बसतो."

दुसऱ्या परिच्छेदात एक 'सुंदर' सोडलं तर विशेषणं उधळलेली नाहीत. कॅमेऱ्याच्या एकाच निर्णयातून गेमची शोभाही आली आणि अडचणही आली. ऐकणाऱ्याला आपल्याला हे चालेल की नाही ते कळलं. आणि महत्त्वाचं म्हणजे, या प्रत्येक वाक्याखाली नेमकी कुठली क्लिप लावायची ते वाक्यच सांगतं.

माझा नियम एकच आहे: जे बोलता ते त्याच वेळी पडद्यावर दिसलं पाहिजे. तोंडाने 'फ्रेम पडतात' (म्हणजे चित्र अडखळतं) म्हणायचं आणि मागे गुळगुळीत चाललेली कटसीन (गेममधला सिनेमासारखा प्रसंग) लावायची, हा साक्षीदाराशिवाय खटला झाला. प्रेक्षक तुम्हाला ओळखत नाही, त्याने तुमच्या शब्दावर का विसंबावं?

हे जमत नाही याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतो, खेळताना नोंदी ठेवलेल्या नसतात. गेम संपल्यावर अकरा तासांच्या फुटेजमध्ये ते एक दृश्य शोधायला बसलात की दोन रात्री गेल्याच समजा. कीबोर्डशेजारी साधी वही ठेवा. रेकॉर्डिंगवरची वेळ आणि चार शब्द पुरतात: "००:४२ कॅमेऱ्यामुळे मेलो", "१:१० पूल, संगीत थांबतं, मस्त". याहून सोपं म्हणजे ओबीएस स्टुडिओ या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला रीप्ले बफर. तो चालू ठेवला आणि एक बटण ठरवून दिलं की ते दाबल्यावर मागची तीस-चाळीस सेकंदं वेगळी फाइल म्हणून साठतात. काही खटकलं, काही भावलं, की बटण दाबायचं. गेम संपेपर्यंत निम्मा रिव्ह्यू फोल्डरमध्ये तयार असतो.

कथा सांगत बसणं ही याच चुकीची सख्खी बहीण. सात मिनिटांच्या व्हिडिओत साडेतीन मिनिटं गोष्ट! राजीचा भाऊ गोलू राक्षसांनी पळवला आणि ती त्याला शोधायला निघाली, यापुढे सांगायची गरज नाही. शेवट फार अचानक येतो असं वाटलं तर "शेवट तोडल्यासारखा वाटला" एवढं म्हणा. काय होतं ते सांगू नका.

आवाज

चित्र थोडं धूसर असलं तरी लोक बघतात, पण आवाज वाईट असला की दहाव्या सेकंदाला निघून जातात. महागडा माइक घेण्याआधी पंखा बंद करा. हो, मे महिन्यातसुद्धा. पाच मिनिटं बोला, पंखा लावा, घाम पुसा, परत बोला. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. कपाट उघडं ठेवून कपड्यांकडे तोंड करून बोललं तरी फरक पडतो. मी अंगावर गोधडी घेऊन रेकॉर्डिंग केलंय. घरच्यांनी काय समजायचं ते समजलं.

आता कुकरच्या शिट्टीवरचा उपाय. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुटचा मोड 'अ‍ॅडव्हान्स्ड' करा आणि रेकॉर्डिंगच्या भागात एकाहून जास्त ऑडिओ ट्रॅकवर खूण करा. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये ट्रॅक वाटून द्या: पहिल्यावर सगळं एकत्र, दुसऱ्यावर फक्त माइक, तिसऱ्यावर फक्त गेम. यानंतर हमखास प्रश्न येतो की "फाइल वाजवली तर तिन्ही ट्रॅक ऐकू येत नाहीत." बहुतेक प्लेअर एका वेळी एकच ट्रॅक वाजवतात. एडिटिंगला घेतल्यावर तिन्ही दिसतील, घाबरू नका.

ओबीएसमधली आवाजाची पट्टी बोलताना पिवळ्या भागात राहावी, लाल भागाला लागू नये. लाल भागात फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. आणि फार हळू ठेवून "यूट्यूब करेल बरोबर" असंही समजू नका. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, लहान आवाज वर उचलत नाही.

बोलण्याचं म्हणाल तर, स्क्रिप्ट जरूर लिहा, पण मोठ्याने वाचून बघा. "सदर खेळामध्ये खेळाडूस" असलं काही आलं की खोडा. चेकपॉइंटला चेकपॉइंटच म्हणा. आणि ते "नमस्कार मंडळी, व्हिडिओ सुरू करण्याआधी लाइक, शेअर, बेल आयकॉन" प्रकरण चाळीस सेकंदं चालवू नका. पहिल्या वाक्यात गेमचं नाव आणि तुमचं एक ठाम मत आलं पाहिजे.

रेकॉर्डिंग बिघडलं की आधी काय बघायचं

पडदा काळा येतोय. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर ओबीएस एकीवर आणि गेम दुसरीवर चालतो, म्हणून दिसत नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधल्या ग्राफिक्स विभागात ओबीएस जोडा. गेम कॅप्चर वापरत असाल तर 'हाय परफॉर्मन्स', पूर्ण डिस्प्ले कॅप्चर करत असाल तर 'पॉवर सेव्हिंग'. प्लेस्टेशन कॅप्चर कार्डला जोडून काळा पडदा आला तर कन्सोलच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये एचडीसीपी (कॉपी रोखणारं कुलूप) बंद करा. बंद असताना काही व्हिडिओ अ‍ॅप चालणार नाहीत. रेकॉर्डिंग झाल्यावर ते परत चालू करायला विसरू नका, नाहीतर संध्याकाळी घरचे पिक्चर लावायला बसतील आणि बोलणी तुम्हाला बसतील.

वीज गेली आणि फाइल उघडत नाही. साध्या एमपी४मध्ये रेकॉर्ड करताना मध्येच खंड पडला तर अख्खी फाइल जाऊ शकते. एमकेव्हीमध्ये तोवरचं रेकॉर्डिंग टिकतं. एमकेव्हीत रेकॉर्ड करा, नंतर ओबीएसच्याच फाइल मेन्यूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने एमपी४ बनवा. काही सेकंदांचं काम आहे आणि दर्जा तसूभरही घटत नाही. दिवसाआड वीज जाणाऱ्या गावात राहणाऱ्यांनी तर हे डोळे झाकून करावं.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत, आणि फरक वाढतच जातो. हे फोनवरच्या रेकॉर्डिंगचं जुनं दुखणं. फोन फ्रेमचा वेग कमीजास्त करत राहतो आणि एडिटिंग सॉफ्टवेअर त्यात गोंधळतं. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट 'कॉन्स्टंट' करून फाइल एकदा बदलून घ्या आणि मगच एडिटिंगला लागा.

रंग धुतल्यासारखे फिके. विंडोजमधली एचडीआर ही रंग-उजेडाची सेटिंग बंद करून बघा.

"एन्कोडिंग ओव्हरलोडेड" असा इशारा येतोय. प्रोसेसरवर भार टाकणारा एक्स२६४ सोडून ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर (व्हिडिओची फाइल बनवणारा भाग) निवडा, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हेंक. गेमचे फ्रेम सेकंदाला ६०वर बांधा. तरी थांबलं नाही तर १०८० ऐवजी ७२०वर रेकॉर्ड करा. अडखळणाऱ्या १०८०पेक्षा ते बरं.

फोनवर रेकॉर्ड करणाऱ्यांनी सुरू करण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. एका मित्राच्या व्हिडिओत ऐन लढाईत बँकेचा ओटीपी आणि मावशीचा गुलाबाचा शुभ सकाळ मेसेज, दोन्ही झळकले होते.

आणि अपलोड केल्याबरोबर व्हिडिओ धूसर दिसला तर तो काढून परत टाकू नका. यूट्यूब आधी कमी दर्जाची आवृत्ती तयार करतं, एचडी मागून येते. आधी 'अनलिस्टेड' (फक्त लिंक असणाऱ्याला दिसेल असा) टाका, जेवून या, मग 'पब्लिक' करा.

गाणी

गाडीतला रेडिओ चालू ठेवून जीटीए खेळलात की क्लेम (हक्काचा दावा) येणारच, कारण ती खरी, हक्क राखलेली गाणी आहेत. क्लेम आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी आहेत. कंटेंट आयडी या यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेच्या क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात, चॅनलला डाग लागत नाही. कॉपीराइट स्ट्राइक गंभीर आहे, नव्वद दिवसांच्या मुदतीत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. रेकॉर्डिंगआधी गेमच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये डोकवा. 'सायबरपंक २०७७', 'फोर्झा होरायझन ५' यांसारख्या गेममध्ये अशी गाणी वगळण्याची सोय दिलेली आहे.

फुकटची की आणि रमीचा मेल

चॅनलला थोडं नाव झालं की छोटे स्टुडिओ मोफत की, म्हणजे गेम मिळवायचा कोड, देतात. घ्या, पण व्हिडिओत तोंडाने सांगा. पैसे घेतले असतील तर यूट्यूबवरची 'पेड प्रमोशन'ची खूणही करा. जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या संस्थेची २०२१ची नियमावली तर मोफत मिळालेली वस्तूही जाहीर करायला सांगते. मग रमीसारख्या पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपचे मेल येतील, आणि रक्कम बघून डोळे फिरतील. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा खेळांवर बंदी आहे आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मेल डिलीट करा.

एक गोष्ट मात्र अनुभवी लोकही विसरतात: कशावर खेळलात ते सांगणं. डिसेंबर २०२०मध्ये 'सायबरपंक २०७७' आला तेव्हा रिव्ह्यूअरना आधी फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती, आणि सुरुवातीच्या रिव्ह्यूत स्वतःचं फुटेज वापरायलाही मनाई होती. रिव्ह्यूतले गुण झकास आले. मग लोकांनी तो जुन्या प्लेस्टेशन ४वर लावला आणि अब्रू गेली. आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या दुकानातून काढला, तो परत आला जून २०२१मध्ये. ज्यांनी "मी फक्त पीसीवर खेळलोय, कन्सोलचं मला माहीत नाही" असं स्पष्ट म्हटलं होतं, त्यांना नंतर खुलासे करत बसावं लागलं नाही.

म्हणून व्हिडिओच्या पहिल्या मिनिटातच प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि गेमची आवृत्ती एका पट्टीवर दाखवा. फोनवर खेळला असाल तर मॉडेल सांगा. पुढे पॅच (दुरुस्तीचं अपडेट) येऊन तुम्ही दाखवलेली अडचण सुटली तर पिन केलेल्या कमेंटमध्ये तारीख टाकून लिहा, "अमुक अपडेटनंतर पुन्हा तपासलं, आता फ्रेम पडत नाहीत." जुनं मत मात्र पुसू नका. माझ्या त्या पहिल्या व्हिडिओखाली अजून एकच कमेंट पिन केलेली आहे: "भात झाला. थोडा करपला."